गुडघ्याची गोळी आणि किडनीचा रिपोर्ट

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४६. सांगलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेते ती दुपारी दोनपर्यंत ओट्यापाशी उभीच. संध्याकाळी पुन्हा सहा ते नऊ. गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डात तपासणी शिबिर झालं. त्यात माझं क्रिएटिनिन १.३ आलं. तिथल्या मुलीने ‘बॉर्डरला आहे, पाणी भरपूर प्या’ एवढंच सांगितलं. पण माझे धाकटे दीर दीड वर्षापासून डायलिसिसवर आहेत, त्यामुळे किडनी म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. कामाच्या धांदलीत मी पाणी पीतच नाही. सारखं बाथरूमला जावं लागतं म्हणून टाळते. बीपीची गोळी दोन वर्षांपासून आहे, टेल्मिसार्टन आणि पुढे ‘एच’ असं लिहिलेली. बरं वाटलं की बंद करते. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी सकाळी चहानंतर एक घेते, कधी रात्रीही एक. ती नसेल तर उभंच राहवत नाही. आता जाऊबाई म्हणतात, रोज पाच लिटर पाणी पी. शेजारच्या काकू म्हणतात, वांगी, टोमॅटो, डाळ बंद कर. मामेभावाने किडनी साफ करणारं चूर्ण आणून दिलंय. माझी कंबर अजिबात दुखत नाही, म्हणजे किडनी ठीकच असेल ना? की पाणी न पिऊन मीच माझ्या किडन्या घालवल्या?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पाणी कमी प्यायल्याचा दोष तुम्ही स्वतःला लावून घेतला आहे. तो आधी बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात पाण्याबद्दल चार ओळी आहेत आणि गुडघ्याच्या गोळीबद्दल दोन. मला काळजी वाटली ती त्या दोन ओळींची.

मेडिकलमधून सांधेदुखीसाठी ज्या गोळ्या सहज मिळतात, त्यांत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन किंवा निमेसुलाइड असतं. त्यांच्यासोबत पुष्कळदा पॅरासिटामॉलही असतं, आणि दुकानदार तेवढंच नाव सांगून ‘साधी गोळी आहे’ म्हणतो. तुमच्या पाकिटाची मागची बाजू चांगल्या उजेडात वाचा, किंवा मुलांना वाचायला सांगा. अक्षरं बारीक असतात, पण औषधाचं नाव तिथे छापलेलंच असतं.

या गोळ्या दुखणं कमी करतात ते शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं अडवून. पण किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या अडचणीच्या वेळी उघड्या ठेवायचं काम हीच द्रव्यं करतात. अडचणीची वेळ म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं असणं. तुमची रोजची सकाळ तशीच असते. शेगडीची धग, घाम, पोटात पाणी नाही, आणि वरून ही गोळी.

त्यात बीपीच्या गोळीची भर पडते. टेल्मिसार्टन किडनीच्या आतला दाब उतरवतं, आणि ते चांगलंच आहे. पुढचा ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. ही दोन्ही एकत्र घेणं योग्यच असतं. पण त्यांच्या जोडीला वेदनाशामक आलं की किडनीला रक्त पुरवणारे तीन आधार एकाच वेळी काढून घेतल्यासारखं होतं. अशा त्रिकुटामुळे चांगल्या किडनीलाही अचानक मार बसतो, हे डॉक्टरांना नीट ठाऊक आहे. पण बीपीची गोळी एका दवाखान्यातून, गुडघ्याची गोळी भलत्याच दुकानातून, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी कोणाच्या नजरेला पडत नाहीत.

डायक्लोफेनॅक काय करू शकतं, हे आपल्या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. नव्वदच्या दशकापासून गिधाडं दिसेनाशी झाली. गुराढोरांना हेच औषध टोचलं जायचं, ती जनावरं मेली की गिधाडं खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. कारण सापडल्यावर २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसाची किडनी गिधाडाच्या किडनीपेक्षा हे औषध पुष्कळ जास्त सोसते, म्हणून दात दुखला म्हणून दोन दिवस गोळी घेतलेल्या कोणी घाबरायचं कारण नाही. पण वर्षानुवर्षं रोज सकाळी घेण्यासारखी ती गोळी नाही. बीपीवाल्यांसाठी तर मुळीच नाही, कारण तिने बीपीही चढतं.

आता तुमच्या १.३ कडे येऊ. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साचतो. पण हा आकडा एकटा वाचायचा नसतो. ज्याचे स्नायू जास्त, त्याचं क्रिएटिनिन मुळातच जास्त. त्यामुळे वय आणि स्त्री-पुरुष हे धरून ‘ईजीएफआर’ काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज. पंचविशीतल्या धडधाकट मुलाचं क्रिएटिनिन १.३ आलं, तर त्याचा ईजीएफआर ७८ च्या आसपास निघतो. ४६ वर्षांच्या बाईचं तेवढंच आलं, तर तो ५१ च्या आसपास. आकडा तोच, अर्थ वेगळा. बायकांच्या बाबतीत हा घोटाळा नेहमी होतो. अनेक लॅबच्या कागदावर स्त्री-पुरुषांना एकच मर्यादा छापलेली असते, आकडा ठळक केलेला नसतो, आणि घरात ‘नॉर्मल आहे’ म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. तुम्ही तो कपाटात टाकला नाहीत, हे फार चांगलं केलंत.

५१ वाचून लगेच दिरांची खुर्ची डोळ्यांपुढे आणू नका. ईजीएफआर ६० च्या खाली सलग तीन महिने राहिला, किंवा लघवीतून प्रथिनं जाताना सलग दिसली, तरच किडनीचा जुनाट आजार म्हणतात. तुमची तपासणी एकदाच झाली आहे, तीही गोळी चालू असताना, बहुधा अंगात पाणी कमी असताना. गोळी थांबली की क्रिएटिनिनचा आकडा खाली येण्याची चांगली शक्यता आहे. येईलच असं वचन मी देणार नाही, कारण दोन वर्षं बीपी कधी आवरलेलं, कधी मोकाट असं गेलं आहे आणि त्याचाही वाटा असू शकतो. ते कळायला तपासणी पुन्हा करावीच लागेल.

म्हणून आजपासून एवढं करा. गुडघ्याची ती गोळी बंद. बीपीची गोळी मात्र रोज, ठरल्या वेळी. या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि घरात आहे ते प्रत्येक औषध पिशवीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवा, मेडिकलमधलं, मामेभावाचं, सगळं. क्रिएटिनिन कधी पुन्हा करायचं ते ते सांगतील. साधारण दोन-तीन आठवड्यांनी करतात आणि मग तीन महिन्यांनी परत. त्यासोबत पोटॅशियम, साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी.

आणि लघवीची एक तपासणी हटकून मागा. तिचं नाव ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’. शिबिरांत ही सहसा होत नाही, आणि माझ्या मते बीपी किंवा साखर असलेल्या प्रत्येकासाठी ती क्रिएटिनिनइतकीच महत्त्वाची आहे. तुमची पिठाची चाळण एका जागी विरली की कोंडा पिठात उतरायला लागतो. तसं किडनीची गाळणी विरायला लागली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरतं. हे क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतं. ३० च्या आत आलं तर उत्तम. सकाळची पहिली लघवी द्या. पाळी चालू असताना, ताप असताना किंवा लघवीला जळजळ असताना देऊ नका, आकडा फसवा येतो.

कंबर दुखत नाही म्हणजे किडनी ठीक, हे तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक तेच म्हणतात. तसं नसतं, ताई. खडा अडकला किंवा जंतुसंसर्ग झाला तर किडनी दुखते. बीपीने, साखरेने किंवा गोळ्यांनी झिजत असेल तर ती हूं की चूं करत नाही. प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात. काही बंद पडल्या की उरलेल्या त्यांचं काम ओढतात, आणि म्हणून बराच भाग जाईपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. तुमच्या दिरांच्या बाबतीत बहुधा असंच झालं असेल. दुखण्याची वाट बघणं हा किडनीच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारा हिशोब आहे.

बीपीची गोळी बरं वाटलं की बंद करायची सवय त्याच हिशोबातून येते. बीपी चढल्याचंही कळत नाही आणि उतरल्याचंही. गोळीने बीपी १३० वर ८० च्या आत राहत असेल तर ते गोळीमुळे राहतंय. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे कोणीतरी घाबरवेल: टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं सुरू केली की क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, आणि डॉक्टर ते अपेक्षित धरतात. तेवढ्यावरून ‘गोळीने किडनी खराब झाली’ म्हणून ती सोडू नका. लघवीतून प्रथिनं जात असतील तर किडनी वाचवायला हीच औषधं देतात. फक्त जुलाब, उलट्या किंवा जोराचा ताप येऊन खाणंपिणं सुटलं, तर त्या दिवसांत ही गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं. वेदनाशामक तर तेव्हा हातातही घ्यायचं नाही.

पाण्याचं आता बघू. पाच लिटर नको. हा सल्ला मुतखड्याच्या आजारातून आला आहे. खडे होणाऱ्यांनी भरपूर पाणी प्यायलाच हवं, त्यांच्यासाठी ते औषध आहे. वांग्या-टोमॅटोच्या बियांची भीतीही तिथूनच आलेली. खडा वेगळा आणि किडनी मंदावणं वेगळं. मंदावलेली किडनी जास्त पाण्याने धुऊन निघत नाही. दिरांना तर डॉक्टर पाणी मोजून देत असतील. एकाच घरात एकाला लिटरभर आणि दुसरीला पाच लिटर, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं की गोंधळ होणारच.

तुम्हाला दिवसभरात दोन-अडीच लिटर पुरे. धगीपाशी उभं राहणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात थोडं जास्त लागेल. माप लघवीच्या रंगावर ठेवा. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर कमी पडतंय. पायावर सूज असेल, दम लागत असेल तर हे माप लागू नाही, आधी डॉक्टर. ओट्यावर कणकेच्या परातीशेजारी लिटरची बाटली ठेवा आणि डबे बाहेर जायच्या आत ती संपवा, एकदम नाही, घोटाघोटाने. लघवी तुंबवून ठेवल्याने बायकांना वारंवार जंतुसंसर्ग होतो, तो वर चढला तर किडनीपर्यंत जातो. केंद्र तुमचं स्वतःचं आहे ना? मग पोळी तव्यावर असली तरी मदतनीस बाईंना ‘आलेच’ म्हणून जाऊन या. बाजारपेठेत, कारखान्यात, रस्त्यावर काम करणाऱ्या कितीतरी बायांना जायला स्वच्छ जागाच नसते आणि त्या तहान मारत दिवस काढतात. याचा मला मनापासून राग येतो. तुम्हाला ती सोय आहे, तर वापरा.

गुडघ्यांचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. गोळी बंद करा म्हणणं सोपं आहे, पहाटे साडेचारला उभं तुम्हाला राहायचंय. पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात घेतलं तर किडनीसाठी त्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित आहे. किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. पण नुसती गोळी बदलून भागणार नाही. दिवसाचे बारा-साडेबारा तास कडक फरशीवर उभं राहणं हे दुखण्याचं मूळ आहे. ओट्यापुढे जाड रबराची चटई टाका. अनवाणी उभ्या राहत असाल तर घरात मऊ चपला घाला. ओट्याच्या उंचीचं एक उंच स्टूल घ्या. लाटताना टेकून बसता येतं, भाजायला उठायचं. पायाखाली एक पाट ठेवा आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर घ्या. कणीक मळणं जमिनीवर मांडी घालून होत असेल तर ते ओट्यावर आणा, कारण खाली बसणं-उठणं याच गुडघ्यांना सर्वांत जड जातं.

आणि मांडीचे स्नायू. गुडघ्याचा भार खरा तेच उचलतात. दुपारी काम संपल्यावर खुर्चीवर बसा, एक पाय गुडघ्यात सरळ करा, मांडी ताठ करून दहा आकडे मोजा, खाली घ्या. मग दुसरा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात काही फरक वाटणार नाही, दीड-दोन महिन्यांत वाटतो. शासकीय रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो, तिथे एकदा नीट शिकून घ्या. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरल्यानेही गुडघ्याला जाणवण्याइतका आराम पडतो, आणि बीपीलाही.

खाण्याबद्दल. डाळ बंद करू नका. तुमच्या आत्ताच्या आकड्याला वरण, उसळ, भाजी, फळं यांपैकी काहीही सोडायचं कारण नाही. टोमॅटो, केळी, नारळपाणी यांचा विचार रक्तातलं पोटॅशियम वाढलं तरच करायचा. दिरांच्या डायलिसिसचं पथ्य दिरांचं आहे, ते सगळ्या घराला लावू नका. आवरायचं ते मीठ. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात कणकेतलं, भाजीतलं, आमटीतलं, चटणीतलं, सगळं धरून. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, फरसाण यांतच ते माप संपतं. सैंधव चालेल का, असं बहुतेक जण विचारतात. तेही मीठच, सोडियम तेवढंच. आणि दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. रिपोर्ट नीट येईपर्यंत ते आणू नका. कणकेतलं मीठ निम्मं केलं तर भाजीबरोबर कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या पोळ्या किती घरांत जातात, ताई! त्यांतल्या कितीतरी घरांत बीपीची माणसं असतील.

मामेभावाचं चूर्ण बाजूला ठेवा. त्यांनी प्रेमानेच आणलंय, पण किडनी बाहेरून साफ करावी लागत नाही. ती स्वतःच दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळते. डबीवर घटक आणि उत्पादकाचं नाव नसलेल्या चूर्ण-भस्मांत शिसं किंवा पारा निघाल्याची उदाहरणं आहेत, आणि या दोन्हींनी किडनी बिघडते. वैद्यांवर तुमचा विश्वास असेल तर जरूर जा, पण शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे, आणि क्रिएटिनिनचा कागद त्यांना दाखवून. हिरव्या रसांचंही तेच. पालकाची भाजी खा, पण पेलाभर कच्चा रस रोज नको. त्यातलं ऑक्झॅलेट किडनीत साचतं.

तुम्ही लिहिलं नाही, पण विचारते. मिश्री लावता का? आपल्याकडे पहाटे उठून काम करणाऱ्या पुष्कळ बाया लावतात, आणि डॉक्टर तंबाखूबद्दल विचारतात तेव्हा ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे. ती तंबाखूच आहे. बीपी वाढवते, किडनीच्या रक्तवाहिन्या खराब करते. लावत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा. सोडायला मदत मिळते.

लघवी एकदम कमी झाली, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली, झोपल्यावर दम लागला, उलट्या थांबेनात, यांपैकी काहीही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता सगळ्यात राहून गेलेली गोष्ट. दीर डायलिसिसवर आहेत म्हणून तुम्ही घाबरलात, पण दिरांचं आणि तुमचं रक्ताचं नातं नाही. त्यांच्या आजारात घराण्याचा काही भाग असेल, तर तो तुमच्या यजमानांकडे आणि मुलांकडे जातो. तुमच्या पत्रात यजमानांच्या बीपीचा, साखरेचा, क्रिएटिनिनचा एक शब्द नाही. दिरांच्या किडन्या कशाने गेल्या, साखरेने, बीपीने की आणखी कशाने, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. आणि तुमच्या फेरतपासणीच्या दिवशी यजमानांना बरोबर न्या. ‘मला काय धाड भरलीये’ म्हणतील. म्हणू द्या. बीपी, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, एवढंच करायचंय. बीपी आणि साखर तर सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची फुकट बघतात.

रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा. दोन्ही वेळचं क्रिएटिनिन, लघवीचा आकडा, घरी मोजलेलं बीपी आणि गुडघ्याच्या गोळीचं पाकिटावरचं नाव. बीपी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर टेकलेले, चहा प्यायलेला नको आणि लघवी तुंबलेली नको. यजमानांचेही आकडे त्याच कागदावर असू द्या.